थांबा, नागोया आलं!

नागोयाला फिरायला कुणी जात नाही. हे मी नाही म्हणत, नागोयाच म्हणतं. २०१६ मध्ये तिथल्या महापालिकेने जपानमधल्या आठ मोठ्या शहरांतल्या लोकांना विचारलं, कुठलं शहर तुम्हाला आकर्षक वाटतं? निकाल लागला तेव्हा नागोया तळाला! स्वतःच काढलेल्या परीक्षेत स्वतःच नापास. टोकियोहून क्योटोला निघालेली पब्लिक शिंकान्सेनच्या खिडकीतून या शहराकडे एकदा बघते आणि पुन्हा डोळे मिटून घेते.

आपली मंडळी इथे जातात ती कामालाच. पुण्या-मुंबईतले ऑटोवाले, ऑटोवाल्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारे. दोन आठवड्यांची ऑनसाइट, काडेपेटीएवढी हॉटेलची खोली, आणि शनिवार-रविवार आला रे आला की क्योटो. तुमचा असा योग आला, तर त्यातला एक शनिवार नागोयालाच द्या. आपल्या ऑफिसांमध्ये एक अजब प्रकार रोज चालतो. सगळे बिझी, सगळ्यांची कॅलेंडरं फुल्ल, जेवायला वेळ नाही, आणि तरीही रिलीज वेळेवर बाहेर पडत नाही. हे असं का होतं, ते समजून घ्यायला नागोयासारखी जागा नाही.

सुरुवात नाश्त्याने करा. सकाळी कुठल्याही साध्या कॉफीच्या दुकानात जाऊन नुसती कॉफी मागवा. कॉफीबरोबर जाडजूड टोस्ट आणि उकडलेलं अंडं आपोआप येतं, बहुतेक ठिकाणी त्याचे वेगळे पैसे नाहीत. याला इथे नुसतं ‘मॉर्निंग’ म्हणतात. या फुकट अंड्याची गोष्ट भारी आहे. जवळच इचिनोमिया नावाचं गाव आहे. कापडाचं गाव, त्या भागातलं इचलकरंजीच म्हणा ना. १९५० च्या दशकात तिथे मागांचा धंदा जोरात होता. कारखान्यात खडखडाट एवढा, की गिऱ्हाइकाशी बोलणं अशक्य. म्हणून मागवाले शेठ गिऱ्हाइकाला घेऊन कॉफीच्या दुकानात बसायचे. दिवसातून चार चार वेळा येणारं हे गिऱ्हाईक खूश राहावं म्हणून दुकानदारांनी शेंगदाणे आणि अंडं द्यायला सुरुवात केली, असं सांगतात. म्हणजे माग चालू आणि मालक कॉफी पीत बसलेला. आपल्याकडच्या एखाद्या मॅनेजरने हे दृश्य पाहिलं असतं तर पहिला प्रश्न असता, ‘याची टाइमशीट कुठाय?’

अंडं संपवून मेइतेत्सु नागोया स्टेशनवर या. हे स्टेशन हा एक स्वतंत्र नमुना आहे. शहरातलं एवढं मोठं खासगी रेल्वेचं स्टेशन आणि जमिनीखाली रूळ किती? फक्त दोन. वेगवेगळ्या गावांना जाणाऱ्या, जलद, अतिजलद, धीम्या अशा सगळ्या गाड्या याच दोन रुळांवर एकामागे एक येतात. फलाटावर कुठल्या गाडीसाठी कुठे उभं राहायचं त्याच्या खुणा आहेत आणि लोक त्याप्रमाणे मुकाट रांगेत उभे असतात. दादरला वाढलेल्या माणसाचे डोळे पाणावतात. पण एक गाडी अडकली की मागच्यांना बाजूने निघून जायला तिसरा रूळच नाही. हा तिसरा रूळ लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तिथून एकच स्टेशन पुढे साको. लोकल पकडा, सगळ्याच जलद गाड्या तिथे थांबत नाहीत. उतरून चालत गेलं की लाल विटांची जुनी बांधकामं दिसतात. हे टोयोटा समूहाचं उद्योग आणि तंत्रज्ञानाचं म्युझियम. साकिची तोयोदा या गृहस्थाने १९११ मध्ये याच जागेवर मागांचा प्रायोगिक कारखाना काढला होता. १९९४ मध्ये त्याचं म्युझियम झालं. (आडनाव तोयोदा आणि गाडी टोयोटा, यात छपाईची चूक नाही. कंपनीने नाव मुद्दाम बदलून घेतलं.) गाड्या बघायच्या म्हणून लोक येतात आणि पहिलं दालन लागतं ते सूत, चरखा, माग यांचं. अर्धे लोक तिथून भराभर पुढे सटकतात. तुम्ही सटकू नका.

साकिची सुताराचा मुलगा, जन्म १८६७ चा. आयुष्यभर एकच नाद: माग सुधारायचा. त्याचा सगळ्यात गाजलेला माग १९२४ चा, ‘टाइप जी’. म्युझियममध्ये तो चालवून दाखवतात. धोटा इकडून तिकडे सटासट पळतो, आवाजाने कान बधिर होतात. त्यातली कांडी संपत आली की माग चालता चालता स्वतःच धोटा बदलतो. पण खरी गंमत पुढेच आहे. दाखवणारी बाई उभ्या ताण्यातला एक धागा तोडते आणि माग खटकन थांबतो. प्रत्येक उभ्या धाग्यावर एक छोटी धातूची पट्टी लटकवलेली असते. धागा तुटला की पट्टी पडते, आणि पट्टी पडली की माग बंद. बस्स, एवढंच. बघणारे शाळकरी जपानी पोरटे ‘ओऽऽ’ करतात.

यात एवढं काय? साध्या मागाला धागा तुटल्याचं कळतच नाही. तो आपला धडाधड खराब कापड विणत राहतो. त्यामुळे त्याच्यासमोर एका माणसाला सतत डोळे ताणून उभं राहावं लागतं. माग बिझी, माणूसही बिझी, आणि दोघं मिळून पुढच्या माणसासाठी डोकेदुखी तयार करतायत. साकिचीने मागाला थांबायला शिकवलं आणि माणूस मोकळा झाला. एकेक जण डझनावारी माग सांभाळू लागला. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने, म्हणजे ज्यांच्याकडून जग माग विकत घ्यायचं त्यांनी, या मागाच्या पेटंटसाठी एक लाख पौंडांचा करार केला.

मला मात्र त्या मागापुढे उभं राहून परळच आठवत होतं. इकडे साकिचीचा माग बाजारात रुळत होता त्याच काळात, १९२८ मध्ये, मुंबईच्या गिरण्यांत सहा महिन्यांचा संप झाला. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. कारणं अनेक होती, पण त्यातलं एक मोठं कारण म्हणजे मालकांना साचेखात्यात दोन साच्यांवरच्या माणसाला तीन साच्यांवर उभं करायचं होतं. नाव होतं ‘एफिशियन्सी’. नागोयात आधी यंत्र शहाणं केलं, मग माणसामागे मागांची संख्या वाढवली. मुंबईत आधी संख्या वाढवायची होती. गिरणगावातल्या माणसाला हा फरक कुणी पीपीटी दाखवून समजावून सांगायची गरज नव्हती.

दुसरं दालन गाड्यांचं. ते तुम्ही एन्जॉय करालच, त्याच्यावर मी शाई घालवत नाही. फक्त एका शब्दापाशी थांबतो. जपानी लिपीत ‘हलणं’ या अर्थाचं एक चिन्ह आहे. त्याच्या डाव्या अंगाला माणसाची छोटी खूण जोडली की त्याच चिन्हाचा अर्थ होतो ‘काम करणं’. टोयोटावाले ‘ऑटोमेशन’ हा शब्द मुद्दाम ही माणसाची खूण घालून लिहितात. नुसतं हलतंय म्हणजे काम चाललंय असं नाही, हे त्यांनी स्पेलिंगमध्येच टाकून ठेवलं. आपल्याकडे चॅटवरचा हिरवा ठिपका हलता ठेवायला माऊस जिगलर विकत घेणारे लोक आहेत. त्यांच्यासाठी चिन्हातला नुसता ‘हलणं’ एवढाच भाग पुरेल.

या शब्दामागे उभा असलेला माणूस म्हणजे ताइइची ओनो. १९३२ मध्ये तोयोदांच्या सूतगिरणीत लागला, १९४३ मध्ये गाड्यांकडे आला आणि पुढे टोयोटाची उत्पादन पद्धत त्याच्या नावाने ओळखली गेली. त्याने वाया जाण्याचे सात प्रकार सांगितले. त्यात ‘वाट बघणं’ हाही एक आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. जपानीत त्याला ‘तेमाची’ म्हणतात, म्हणजे हात वाट बघतायत. तेव्हा रिकामं बसणं छान, असं ओनो अजिबात म्हणत नव्हता. पण त्याच्या लेखी सगळ्यात वाईट प्रकार दुसराच होता: गरजेपेक्षा जास्त, गरजेच्या आधी बनवून ठेवणं. का? कारण रिकामा माणूस दिसतो. तो दिसला की कामाची वाटणी कुठे चुकलीय ते कळतं. त्याच माणसाने ‘बसून काय करू’ म्हणून उद्याचे पार्ट आजच बनवायला घेतले की सगळं झाकलं जातं. माल साठतो, त्यातली चूक आठवड्याने सापडते आणि प्रत्येक जण घामाघूम असल्यामुळे कुणाला दोषही देता येत नाही. सशा-कासवाच्या गोष्टीतलं कासव ओनोला आवडायचं. आपण ती गोष्ट सशाच्या गर्वाची म्हणून शिकतो. तो ती कारखान्याच्या चालीची म्हणून सांगायचा: धावत सुटून मधेच झोपणाऱ्यापेक्षा एका लयीत चालणारा कमी वाया घालवतो.

वेळ असेल तर टोयोटा शहरालाही जा. नागोयाहून तासाभराचा रस्ता. आधी या गावाचं नाव कोरोमो होतं, १९५९ मध्ये गावाने कंपनीचंच नाव घेतलं. (आपल्याकडे टाटांच्या नावाचं जमशेदपूर झालं तसंच.) कारखान्याची टूर मिळाली तर वरच्या पुलावरून खालची लाइन बघायला मिळते. लाइनच्या बाजूने एक दोरी जाते. कुणाला काही चुकल्यासारखं वाटलं, बोल्ट नीट बसला नाही, की त्याने ती ओढायची. वर बोर्डावर दिवा लागतो, त्याला ‘आंदोन’ म्हणतात, म्हणजे कंदील. एक ट्यून वाजते. आणि एक माणूस लगेच तिथे पोचतो.

आपण दोरी बघतो, दिवा बघतो, फोटो काढता येत नाही म्हणून चुकचुकतो. बघायचा असतो तो हा माणूस. पाच-सहा जणांमागे असा एक टीम लीडर असतो. कंदील लागल्यावर तो काही सेकंदांत पोचू शकतो, कारण त्याच्या स्वतःच्या हातात कुठलंही ठरलेलं स्टेशन नसतं. त्याला मोकळा ठेवलेला असतो, मुद्दाम! त्याने वेळेत दुरुस्ती केली तर लाइन थांबतही नाही. समजा एखाद्या हुशार साहेबाने हिशेब मांडला, ‘हा अर्धा वेळ नुसता फिरतो, याला एक स्टेशन द्या’, तर? कागदावर एक माणूस वाचला. आणि पुढच्या दोरीला सगळी लाइन उभी.

आता जरा तुमच्या टीमकडे बघा. असा एक जण असतोच. ज्याच्याशिवाय कोड रिव्ह्यू होत नाही, किंवा जी एकटी क्लायंटचा डेटाबेस ओळखते. ती सगळ्यात हुशार, म्हणून सगळ्यात जास्त कामं तिच्याकडे. सकाळी दहा ते संध्याकाळी सात, अर्ध्या अर्ध्या तासाचे ठोकळे. आणि तुमचं पंधरा मिनिटांचं काम तिच्या दाराशी आठ दिवस पडून असतं. तुम्ही मग काय करता? दुसरं काम सुरू करता, तेही तिच्यापाशी जाऊन अडकतं. मग तिसरं. स्टेटस कॉलमध्ये सगळ्या कामांपुढे एकच उत्तर: ‘इन प्रोग्रेस’.

याचं गणित शंभर वर्षांहून जुनं आहे. १९०९ मध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत नोकरी करणाऱ्या आग्नर एरलांग या गणितज्ञाने फोनचे कॉल किती वेळ खोळंबतात याचा पहिला पेपर लिहिला. त्यातूनच रांगांचं शास्त्र उभं राहिलं. सोपं करून सांगतो. समजा एका टेस्टरला एका कामाला सरासरी एक दिवस लागतो. कामं त्यांच्या मर्जीने येतात, कधी तीन एकदम तर कधी एकही नाही. काही लहान, काही अवाढव्य. हा टेस्टर निम्मा वेळ बिझी असेल तर नवीन कामाला सरासरी एक दिवस रांगेत थांबावं लागतं. ८० टक्के बिझी असेल तर चार दिवस. ९० टक्क्यांना नऊ दिवस. ९५ टक्क्यांना एकोणीस! शंभरला रांग संपतच नाही, वाढतच जाते. ९० चे ९५ केले तेव्हा साहेबाला वाटलं पाच टक्के कमावले. तिकडे वाट बघणं दुप्पट झालं. हे अगदी साध्या मॉडेलचे आकडे आहेत, तुमच्याकडे वेगळे येतील, पण वर चढणारं वळण असंच. कारण सोमवारी रिकामे गेलेले दोन तास डब्यात भरून गुरुवारी वापरता येत नाहीत. गुरुवारी तीन कामं एकदम आली की ती सामावायला मोकळी जागा गुरुवारीच लागते. मेइतेत्सुचा तिसरा रूळ तो हाच.

यातली मला सगळ्यात खटकणारी गोष्ट सांगतो. कारखान्यात एकेक काम मिनिटाभराचं, मोजून-मापून कापलेलं असतं. त्यात आणखी टोयोटावाले वेगवेगळ्या मॉडेलच्या गाड्या एकाआड एक मिसळून सोडतात, म्हणजे कुणावर एकदम लोंढा येऊ नये. एवढं सगळं सपाट करूनही ते लीडरला मोकळा ठेवतात. आणि आपण? ज्यांना एखादा बग अर्ध्या तासात सुटेल की अर्ध्या महिन्यात हे देवही सांगू शकत नाही, ते माणसांची कॅलेंडरं शंभर टक्के भरतो. वर ‘स्ट्रेच’ मागतो.

पण नागोया म्हणजे स्वर्ग, असं समजू नका. पत्रकार सातोशी कामाता १९७२ मध्ये टोयोटात हंगामी कामगार म्हणून राहिला आणि लाइनच्या वेगाने माणसाचं काय होतं ते त्याने १९७३ च्या पुस्तकात मांडलं. नावातच त्याने कारखान्याला ‘निराशेचा कारखाना’ म्हटलं. त्याहून जवळची गोष्ट २००२ ची. टोयोटाच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीवर असलेला तीस वर्षांचा कर्मचारी रात्रपाळीच्या शेवटी, पहाटे, कामावरच कोसळला आणि गेला. आधीच्या महिन्यात त्याचा ओव्हरटाइम शंभर तासांच्या वर होता. त्याच्या बायकोने पाच वर्षं झगडा दिला. २००७ मध्ये नागोया जिल्हा न्यायालयाने हा मृत्यू अतिश्रमानेच झाला असं मान्य केलं आणि कामानंतरच्या ‘स्वेच्छेच्या’ क्वालिटी सर्कलचे तासही कामाचेच धरले. कुणाचंही काही बिघडलं की ते निस्तरणाऱ्यांपैकी तो होता. ज्याच्याकडे मोकळा वेळ असायला हवा, त्याच्याकडेच तो नव्हता. म्युझियममध्ये याची पाटी मला कुठे दिसली नाही.

आणि २९ ऑगस्ट २०२३ ला तर कमालच झाली. जपानमधले टोयोटाचे चौदाच्या चौदा कारखाने बंद पडले. सायबर हल्ला? अजिबात नाही. पार्टच्या ऑर्डरी सांभाळणाऱ्या सर्व्हरच्या देखभालीचं काम चालू होतं, आणि त्याच्या डिस्कवर जागा कमी पडली! बॅकअपवरही तीच रड. ज्या कंपनीने जगाला मोकळ्या जागेची किंमत शिकवली, ती मोकळ्या जागेअभावी बसली. आयटीवाल्यांनो, हसू नका, तुमच्या सर्व्हरवर आत्ता किती जीबी शिल्लक आहे ते बघून या.

तुम्ही म्हणाल, हे सगळं आमच्या साहेबांना सांगा. साहेब मूर्ख नाहीत, अडचण वेगळी आहे. तासांवर बिल लावणाऱ्या धंद्यात बिझी माणूस हाच माल असतो. काही आयटी कंपन्या ‘युटिलायझेशन’चा आकडा दर तिमाहीला जाहीर करतात आणि तो घसरला की शेअर बाजार नाक मुरडतो. ‘बेंचवर बसलाय’ हे वाक्य आपल्याकडे ‘घरी बसलाय’सारखं उच्चारतात. उशीर झाला तर त्याचा खर्च मात्र कुठल्याच टाइमशीटमध्ये येत नाही. तो क्लायंटच्या खात्यात पडतो, आणि तुमच्या-आमच्या रात्री नऊनंतरच्या खात्यात.

तरीही टीमपुरतं काही करता येतं, आणि बऱ्याच सॉफ्टवेअर टीम्स ते ओनोच्याच ‘कानबान’ शब्दाखाली करतात. बोर्डवर एका वेळी किती कामं उघडी असू शकतात, यावर मर्यादा घालायची. हिशेब अगदी किराण्याच्या दुकानातला. टीम आठवड्याला पाच कामं संपवते आणि बोर्डवर चाळीस उघडी आहेत, तर प्रत्येक काम सरासरी आठ आठवडे लोंबकळणार, मग तुम्ही कितीही जागा. दहाच उघडी ठेवलीत तर दोन आठवडे. अट एकच. मर्यादा भरली की नवीन काम उघडायचं नाही, अडकलेल्याला हात द्यायचा, आणि ज्याला काहीच सुचत नसेल त्याने निवांत बसायचं. पहिल्या आठवड्यात हा निवांत बसलेला माणूस सगळ्यांना टोचतो. त्याला स्वतःलाही.

जायचं कसं? टोकियोहून नोझोमी शिंकान्सेनने नागोया साधारण शंभर मिनिटं. म्युझियम सोमवारी बंद असतं. माग चालवून दाखवायच्या वेळा तिथे विचारून घ्या, त्याप्रमाणे आधी कापडाचं दालन करा. टोयोटा शहराच्या टूरचं बुकिंग भारतातून निघण्याआधीच बघा. दुपारी जेवायला किशिमेन, म्हणजे चपट्या पट्ट्यांच्या नूडल्स. शाकाहारी मंडळींनी रश्शात मासे असतात हे धरून चाला आणि बॅगेत थेपले ठेवा. आणि ‘मॉर्निंग’ बहुतेक ठिकाणी अकरापर्यंतच मिळतं, त्यामुळे शनिवार असला तरी गजर लावा.